कोर्टांत उभा राहणारा तो कोण?

(तालुक्यांतील वसतिगृहें, शाळा व देवस्थानें चालविणाऱ्या मंडळींच्या सभेंत आम्हीं केलेलें भाषण)



आपण आम्हांस दिलेला विषय रुक्ष आहे. विश्वस्तानें आपला अधिकार कोर्टांत कसा शाबीत करावा, असें अध्यक्षांनीं जाहीर करतांच मागच्या बाकावरील चारपांच तरुण उठून चहाकडे गेले हें आम्हीं येथून पाहिलें. जाऊं द्या. संस्थेची जागा हातची जाऊं लागली म्हणजे ते आपोआप परत येतील; फक्त तेव्हां ते आमच्याकडे न येतां वकिलाकडे जातील.

आपल्या लोकांची एक भाबडी समजूत आहे. आपली बाजू खरी असली म्हणजे न्यायाधीश ती ऐकून घेईल आणि आपल्या पदरांत न्याय टाकील. जागा वसतिगृहाची, उताऱ्यावर नांव वसतिगृहाचें, भाडें थकलेलें, सारा गांव साक्षीला. मग अडलें कोठें? अडतें तें पहिल्याच पायरीवर. जागा कोणाची हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, तुम्ही कोण? संस्थेतर्फे बोलतां तें कोणाच्या सांगण्यावरून? या प्रश्नाला ज्याच्याजवळ कागद नाहीं त्याची खरी बाजूही दाराबाहेर ताटकळते.

दुसऱ्याची फजिती सांगण्यापेक्षां आमचीच सांगतों. आम्ही ज्या वसतिगृहाचें काम पाहतों तें १९२८ सालचें. १९०१ सालीं शाहू महाराजांनीं कोल्हापुरास मराठा विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह काढलें, १९१९ सालीं काले येथें भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. त्या वाऱ्यानें ठिकठिकाणीं जीं लहान वसतिगृहें निघालीं त्यांतलें हें एक. कोणी खळ्यावरची पायली दिली, कोणी बैलगाडीनें दगड वाहिले, एका विधवा बाईनें रस्त्याकडेचा आपला तुकडा दिला. सात गृहस्थांनीं न्यासपत्र लिहून तें रजिस्टर केलें. पुढें १९५० सालचा सार्वजनिक न्यासांचा कायदा आला तेव्हां त्यांनीं संस्थेची नोंदही वेळेवर केली. त्या पिढीला अक्षर थोडें येत होतें, पण कागदाचा धाक होता.

पुढची पिढी शिकली आणि कागद विसरली. एकेक विश्वस्त वारला. त्यांच्या जागीं जे आले ते तेराव्याच्या पंगतींत ठरले: "आतां वडिलांच्या जागीं तूं बस." न्यासपत्रांत स्पष्ट लिहिलेलें होतें कीं, जागा रिकामी झाल्यास राहिलेल्या विश्वस्तांनीं रीतसर नोटीस काढून सभा भरवावी व तींत नवा विश्वस्त नेमावा. सभा झाली नाहीं, प्रोसिडिंग लिहिलें गेलें नाहीं, धर्मादाय कचेरीला कळविलें नाहीं.

रस्त्याकडेची ती जागा एका व्यापाऱ्याला लाकडाच्या वखारीसाठीं महिन्याच्या भाड्यानें दिलेली होती. त्यानें भाडें थकविलें आणि वखारीच्या जागीं पक्क्या भिंती उठविल्या. आमच्या चिटणिसांनीं एकट्याच्या सहीनें जागा सोडण्याची नोटीस दिली आणि २००३ सालीं एकट्याच्याच सहीनें दावा लावला. चिटणीस मोठे सज्जन. दर तारखेला पदरचें एस्. टी.चें भाडें खर्चून जात. सातआठ वर्षांनीं ते पिंजऱ्यांत उभे राहिले. प्रतिवादीच्या वकिलानें भाड्याचा शब्द काढला नाहीं कीं भिंतींचा काढला नाहीं. त्यानें धर्मादाय नोंदवहीचा उतारा पुढें केला आणि म्हटलें, "यांत तुमचें नांव दाखवा." नांव नव्हतें. "यांत ज्यांचीं नांवें आहेत त्यांतले हयात किती?" दोन. "त्या दोघांनीं दावा लावण्यास सांगितल्याचा ठराव आहे?" ठराव होता. त्यावर सह्या चौघांच्या, पण नोंदवहींतला त्यांत एकच. दुसरा हयात विश्वस्त मुंबईस मुलाकडे राहत होता. त्याला कोणीं विचारलेंच नव्हतें. बाकीच्या तिघांना कोणीं, केव्हां, कोणत्या सभेंत नेमलें? चिटणीस गप्प. पंगतींत नेमलें असें कोर्टांत कसें सांगावें?

२०११ सालीं दावा फेटाळला गेला. जागा वखारवाल्याची आहे असें न्यायाधीशांनीं म्हटलें नाहीं. वादीनें आपला अधिकार शाबीत केला नाहीं, इतकेंच म्हटलें. पण आमच्या कोठीघराला त्याचा हिशेब निराळा लागला. थकलेल्या भाड्याच्या वसुलीस मुदत तीन वर्षांची. सगळे कागद नीट करून नवा दावा लावीपर्यंत त्यामागचें सारें भाडें मुदतीबाहेर गेलें. त्या भाड्यांतून मुलांच्या ज्वारीची आणि डाळीची बेगमी होत असे.

त्या वकिलावर आम्ही पुष्कळ दिवस चिडून होतों. मग कायदा वाचूं लागलों तेव्हां कळलें कीं त्यानें विचारलें तें विचारण्याचा त्याला हक्क होता. कंपनी ही कायद्यानें मानलेली व्यक्ति आहे. तिच्यातर्फे तिचा सेक्रेटरी, डायरेक्टर किंवा मुख्य अधिकारी दाव्यावर सही करूं शकतो, असें दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २९ व्या आदेशांत आहे. देवाच्या मूर्तीलाही कायदा व्यक्ति मानतो. १८६० च्या कायद्याखालीं नोंदलेल्या सोसायटीला त्या कायद्याच्या ६ व्या कलमानें वाट करून दिली आहे: नियमांत असेल त्याप्रमाणें अध्यक्ष, मुख्य चिटणीस किंवा विश्वस्त यांच्या नांवानें दावा लावावा, आणि नियम मुके असतील तर कार्यकारी मंडळानें त्या कामापुरता माणूस नेमावा. निवळ न्यासाचें तसें नाहीं. न्यास ही कोणी व्यक्ति नव्हे. तें एक बंधन आहे. मिळकत विश्वस्तांच्या हातीं, आणि ती दुसऱ्यांच्या कल्याणासाठीं लावण्याचा भार विश्वस्तांच्या मानेवर. न वटलेल्या चेकच्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०२५ सालीं हेंच पुन्हां सांगितलें. तेव्हां फळ्यावर संस्थेचें नांव कितीही मोठ्या अक्षरांत असो, कोर्टांत संस्था चालत जात नाहीं, विश्वस्त जातात.

आणि विश्वस्त जातात ते सगळे जातात. ३१ व्या आदेशाचा दुसरा नियम सांगतो कीं विश्वस्त अनेक असतील तर त्या सर्वांना दाव्यांत पक्षकार केलें पाहिजे. १८८२ चा न्यास कायदा खाजगी न्यासांचा आहे खरा, पण विश्वस्तानें आपलें काम दुसऱ्यावर सोपवूं नये आणि सहविश्वस्तांनीं एकट्यानें वागूं नये, हें त्याच्या ४७ व ४८ व्या कलमांतलें तत्त्व कोर्टें सार्वजनिक न्यासांनाही लावीत आलीं आहेत. गुजरात उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानें तर सत्तरच्या दशकाच्या आरंभीं असें ठरविलें कीं भाडेकरूला काढण्याचा दावा एकट्या विश्वस्ताला लावतां येत नाहीं. आमच्या चिटणिसांची नोटीस आठवते ना? ती याच खडकावर फुटली.

येथें कोणी म्हणेल, आमचे विश्वस्त अकरा. एक पुण्यास, एक सुरतेस, एक अंथरुणावर. सगळे प्रत्येक तारखेला कसे जावेत? जाण्याची गरज नाहीं. काम एकानें करावें, पण ठरवावें सर्वांनीं. ग्वाल्हेर शुगर कंपनीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं या नियमाचे अपवाद मोजून दाखविले आहेत. न्यासपत्रांतच एकानें किंवा बहुमतानें काम करण्याची परवानगी असेल तर. सहविश्वस्तांनीं त्या कृत्याला उघड संमति दिली असेल तर. किंवा सर्वांनीं मिळून जें ठरविलें त्याची केवळ अंमलबजावणी एकजण करीत असेल तर एकट्याचें कृत्य चालतें. म्हणून घरीं गेल्यावर आधीं न्यासपत्र काढा आणि त्यांत बहुमताबद्दल काय लिहिलें आहे तें वाचा. आमच्या ओळखीच्या एका देवस्थानाच्या पंचांनीं आपलें न्यासपत्र तीस वर्षें देव्हाऱ्यांत पुजलें, उघडलें नाहीं. एखादा विश्वस्त हटून बसला आणि सहीच करीना, तर त्याला प्रतिवादी करावें. दावा त्याच्यावांचून अडत नाहीं, पण त्याचें नांव गाळलें तर अडतो.

ठराव कसा असावा, हेंही ऐका. "कोर्टाचें काम चिटणीस पाहतील" असला ओला ठराव नको. कोणत्या जागेबद्दल, कोणाविरुद्ध, कशासाठीं दावा लावावयाचा, दाव्यावर व वकीलपत्रावर सही कोणीं करावयाची आणि साक्ष कोणीं द्यावयाची, हें त्यांत असावें. सभेची नोटीस किती दिवस आधीं निघाली आणि कोणाकोणाला पोंचली याचा पुरावा जपावा. ठराव दाव्याच्या आधींचा असावा. हल्लीं मोबाईलवर मंडळींचा ग्रुप असतो. चिटणीस मजकूर टाकतात आणि बाकीचे आंगठा वर करतात. पूर्वीं आमचे आजोबा आंगठा उमटवीत तेव्हां निदान शाई तरी लागत असे! हा आंगठा प्रोसिडिंगच्या वहीची जागा घेत नाहीं. साक्ष देणाराही असा असावा कीं ज्याला हकीकत स्वतः माहीत आहे. मुखत्यारपत्र हातीं असलें म्हणून मालकाच्या मनांतल्या गोष्टी मुखत्याराला शपथेवर सांगतां येत नाहींत, असें सर्वोच्च न्यायालय २००५ पूर्वींपासून नव्हे तरी २००५ पासून स्पष्ट सांगत आहे.

आतां धर्मादाय कचेरीकडे वळूं. १९५० चा कायदा, ज्याला हल्लीं महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम म्हणतात, त्याच्या नोंदवहींत संस्थेचें नांव, विश्वस्तांचीं नांवें, नवा विश्वस्त कसा नेमला जावा याची पद्धत आणि मिळकतीचा तपशील असतो. नोंदच नसेल तर ३१ व्या कलमाप्रमाणें सार्वजनिक न्यासाच्या हक्काचा दावा कोर्ट ऐकत नाहीं. नोंद आहे, तर २१ व्या कलमानें ती, पुढें रीतसर बदल होईपर्यंत, अखेरची मानली जाते. म्हणजे त्या वहींत मेलेल्या माणसाचें नांव राहिलें तर कायद्याच्या दप्तरीं तोच तुमचा विश्वस्त! बदल घडल्यापासून ९० दिवसांच्या आंत २२ व्या कलमाखालीं कळवावा लागतो. याला सगळे "चेंज रिपोर्ट" म्हणतात आणि सगळेच तो पुढच्या महिन्यावर टाकतात. आम्ही तर चार मृत्यूंचे रिपोर्ट एकदम घेऊन गेलों. एका विश्वस्ताचा मृत्यूचा दाखला मिळविण्यासाठीं ग्रामपंचायतीच्या जुन्या वह्या उपसाव्या लागल्या, दुसऱ्याच्या मुलानें वारसाहक्क समजून हरकत घेतली. विश्वस्तपद म्हणजे वतन नव्हे, हें त्याला समजावतांना आमचे दोन उन्हाळे गेले. हें सर्व २०११ नंतर, म्हणजे घर जळाल्यावर.

रिपोर्ट दिला आहे पण निकाल व्हावयाचा आहे, तोंवर नव्या विश्वस्तांनीं हात बांधून बसावें काय? तसें नाहीं. बदल हा सभेनें किंवा निवडणुकीनें घडतो. कचेरी त्याची नोंद घेते. निकाल होईपर्यंत नवें मंडळ कारभार पाहूं शकतें, असा विचार मुंबई उच्च न्यायालयानें मांडलेला आहे. पण यावर पाय पसरून निजूं नका. रिपोर्टच दिलेला नसेल, किंवा दोन तट पडून दोघांनींही आपापले रिपोर्ट घातले असतील, तर समोरचा वकील त्याच दारानें शिरतो. अशा वेळीं नेमणुकीचें मूळ प्रोसिडिंगच कामास येतें. नोंदवहीचा उतारा कोर्टांत द्यावयाचा तो सहीशिक्क्याच्या नकलेनें. झेरॉक्सवर भिस्त ठेवूं नका. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागीं १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम आला, तरी ही गोष्ट बदललेली नाहीं.

चूक होऊन गेली असेल तर सारें संपलें काय? संपलें नाहीं, आणि हेंही सांगितलें पाहिजे, नाहीं तर आमचें भाषण ऐकून कोणी दावाच काढून घेईल. सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं एका बँकेच्या खटल्यांत म्हटलें कीं सहीच्या अधिकारांतला दोष मागाहून मान्यता देऊन भरून काढतां येतो, आणि अशा तांत्रिक दोषापायीं खरा हक्क बुडूं नये. २००६ मध्यें छापलेल्या दुसऱ्या निकालांत वकीलपत्रांतल्या दोषाबद्दलही तसेंच सांगितलें. तेव्हां दोष लक्षांत येतांच सर्व विश्वस्तांनीं सभा भरवून झालेल्या दाव्याला मान्यता द्यावी, राहिलेल्यांना पक्षकार करण्याचा अर्ज द्यावा. आमच्या चिटणिसांनीं पहिल्या वर्षीं हें केलें असतें तर निभावलें असतें. प्रतिवादीनें आपल्या कैफियतीच्या पहिल्याच कलमांत हरकत लिहिली होती. आम्हीं ती वाचून "हें सगळेच लिहितात" म्हणून सोडून दिली.

मात्र एक खड्डा दाखवून ठेवतों. मुदतीच्या कायद्याचें २१ वें कलम सांगतें कीं नवा वादी मागाहून जोडला तर त्याच्यापुरता दावा जोडल्या दिवसापासून लागला असें धरावें. प्रामाणिक चूक दिसली तर कोर्ट आधींची तारीख देऊं शकतें, पण तें कोर्टाच्या मर्जीवर. परक्यानें बळकावलेल्या स्थावराच्या ताब्याची मुदत १२ वर्षें. अकराव्या वर्षीं एकट्याच्या सहीनें दावा लावला आणि चौदाव्या वर्षीं बाकीचे विश्वस्त जोडले, तर काय होईल हें तुम्हीच मोजा.

कांहीं देवस्थानांचे लोक येथें आहेत. त्यांना वाटत असेल कीं आमच्याकडे उलटाच रोग आहे. विश्वस्ताला अधिकार नाहीं असें नाहीं, त्याच्याजवळ तो फार आहे आणि तोच जमीन विकतो. त्यांच्यासाठीं दोन शब्द. देवाच्या उत्पन्नावर पिढीजाद बसलेल्यांना हिशेब विचारतां येतो, ही गोष्ट नवी नाहीं. डाकोर येथें सेवक मंडळी देवापुढचें उत्पन्न आपलें घरचें म्हणत. भक्तांनीं दावा लावला आणि १८८७ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें सांगितलें कीं हें धन देवाचें, सेवक हे त्याचे विश्वस्त, व ते हिशेबाला बांधलेले आहेत. १९६७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, पुजारी-व्यवस्थापकच देवाविरुद्ध वागत असेल तर भक्ताला देवातर्फे दावा लावतां येतो, असें ठरविलें. आपल्या १९५० च्या कायद्यांत ५० व ५१ कलमें आहेत: हितसंबंध असलेल्या दोघांनीं किंवा अधिकांनीं धर्मादाय आयुक्तांची लेखी संमति घेऊन दावा लावावा. संमतीचा तो कागद म्हणजे त्या भक्तांचा अधिकार. तो दाव्याच्या आधीं हातीं पाहिजे. आणि विश्वस्त सर्व मिळून एकमतानें जरी देवाची जमीन विकूं निघाले, तरी ३६ व्या कलमाखालीं आयुक्तांची आगाऊ मंजुरी नसेल तर ती विक्री कायद्यानें टिकत नाहीं. सर्वांच्या सह्या म्हणजे सर्व अधिकार, असा अर्थ कोणी काढूं नये. पंढरपूर, शिर्डी यांसारख्या ठिकाणीं १९७३ व २००४ चे निराळे कायदे आहेत. तेथल्या समितीचा अधिकार त्या कायद्यांतून येतो, न्यासपत्रांतून नव्हे.

एक मनांतलें बोलतों, रागावूं नका. आपल्या आजोबांची तक्रार अशी कीं गांवचें दप्तर कुळकर्ण्याच्या घरीं, लिहिणारा तो, वाचणारा तो, आणि आपण नुसते आंगठा देणारे. ती तक्रार खरी होती. तिच्यापायीं शाळा निघाल्या, वसतिगृहें निघालीं, आपलीं मुलें वकील आणि न्यायाधीश झालीं. आज दप्तर आपल्याच कपाटांत आहे, आणि किल्ली कोणाकडे आहे तें अध्यक्षाला माहीत नाहीं! आमच्या वसतिगृहाच्या प्रोसिडिंगचीं दोन पुस्तकें एका माजी चिटणिसाच्या घरीं माळ्यावर, लग्नाच्या पत्रिकांच्या गठ्ठ्यांत सांपडलीं. त्यांत १९८७ सालची एक नेमणूक रीतसर लिहिलेली निघाली. तीच आज नव्या दाव्यांत आमचा मोठा आधार आहे. २०११ च्या आधीं सांपडली असती तर!

नवा दावा चालू आहे. यावेळीं नोटिशीवर सात सह्या आहेत, आणि नोंदवहींत सातही नांवें जिवंत माणसांचीं आहेत. चिटणीस मात्र आतां हयात नाहींत. पुढची तारीख श्रावणांत आहे.

धर्मादाय नोंदवहीच्या उताऱ्याची एक सहीशिक्क्याची नक्कल आणि आमच्या ठरावाचा मसुदा आम्हीं बरोबर आणला आहे. पुढच्या रांगेपासून मागें फिरवा, पण कृपा करून परत द्या. ज्यांनीं आपापल्या संस्थेचे कागद आणले असतील त्यांनीं जेवणानंतर ओसरीवर यावें. दिवे लागेपर्यंत आम्ही तेथेंच बसलेले आहों.